वाचकांचे प्रश्न : पेव्हर ब्लॉक, बाग आणि तळघरात शिरणारं पाणी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं आवारात साचणाऱ्या पाण्याबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं स्थापत्य आणि भूजल या विषयांतल्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला ६०० चौरस मीटरची हिरवळ होती. पार्किंग कमी पडतं म्हणून ती काढून पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की रॅम्पवरून तळघरात पाणी उतरतं. ठेकेदार म्हणतो, ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतंच, दोष पावसाळी लाईनचा आहे. इमारतीचं छत ८०० चौरस मीटर आहे. छताचं आणि मागच्या आवाराचं पाणी एकाच सहा इंची पाइपातून रस्त्याच्या गटाराला जातं. — सोसायटीच्या सचिव, पुणे

उत्तर : लाईन पूर्वी होती तीच आहे. तिच्यावरचा बोजा वाढला आहे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडतोय असं धरू. पुण्यात वळवाच्या किंवा परतीच्या पावसात असा जोर अर्धा तास टिकणं नवलाचं नाही.

छतावरून साधारण ९० टक्के पाणी खाली येतं, म्हणजे सेकंदाला १० लिटर. भारी मातीवरच्या हिरवळीतून सुमारे ३० टक्के पाणी वाहून जातं. ६०० चौरस मीटरचे झाले सेकंदाला अडीच लिटर. दोन्ही मिळून साडेबारा. सहा इंची पाइप शंभरास एक उताराने टाकलेला आणि आतून स्वच्छ असेल, तर तो भरून वाहताना सेकंदाला १५ लिटरच्या आसपास पाणी नेतो. म्हणजे हिरवळ होती तोवर तुमचं गणित जेमतेम का होईना, बसत होतं.

ब्लॉक बसवल्यावर त्याच जागेवरून ८५ टक्के पाणी वाहू लागलं. अडीचचे सात लिटर झाले आणि एकूण आकडा १७ वर गेला. पाइपात न मावणारे दोन लिटर दर सेकंदाला उताराच्या दिशेने जातात, आणि तुमच्याकडे उतार रॅम्पकडे आहे. अर्ध्या तासात तळघरात पावणेचार हजार लिटर पाणी. पाइपाचा उतार दोनशेस एक असेल तर त्याची क्षमता अकरा लिटरवरच येते आणि परिस्थिती आणखी बिकट होते. तेव्हा चेंबर उघडून उतार एकदा मोजून घ्या.

फटींबद्दल. नेहमीच्या इंटरलॉकिंग ब्लॉकमधली फट दोन ते चार मिलिमीटरची असते आणि ती बारीक वाळूने भरलेली असते. एक-दोन पावसाळ्यांत तिच्यात गाळ, टायरची भुकटी आणि शेवाळ बसतं. खरी अडचण त्याच्याही खाली आहे. एका कोपऱ्यातला एक ब्लॉक उचकटून पाहा. खाली चार इंची पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, दिसलं तर फटींचा विषयच संपला. डस्ट (खडीची भुकटी) आणि मुरूम दिसला तर तो व्हायब्रेटरने इतका दाबलेला असतो की त्यातून पाणी नावापुरतंच मुरतं. ब्लॉकवरचा भारतीय मानक आयएस १५६५८चा शिक्का ताकद आणि मापाबद्दल आहे, पाणी मुरण्याशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : मग पार्किंगही राहील आणि पाणीही मुरेल असा ब्लॉक मिळतो का? बाजारात ‘पर्मिएबल’ म्हणून बरंच काही विकायला आहे. — वरच्याच सोसायटीसह पिंपरी, नाशिक आणि डोंबिवली इथून चार पत्रं

उत्तर : मिळतो. पण पाणी साठतं ते ब्लॉकखालच्या खडीत, ब्लॉक हे फक्त झाकण. महागडा सच्छिद्र ब्लॉक पीसीसीवर बसवला तर पैसे वाया गेले. उलट साधा ८० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक आठ ते दहा मिलिमीटर फट ठेवून, नीट रचलेल्या खडीवर बसवला तर काम होतं.

सगळे ६०० चौरस मीटर उकरायची गरज नाही. उताराच्या खालच्या बाजूची १५० चौरस मीटरची पट्टी पुरे. उरलेल्या ४५० चौरस मीटरचा उतार तिच्याकडे करा, मीटरला दहा मिलिमीटर. मुरणाऱ्या पट्टीच्या एका भागावर पक्क्या जमिनीच्या तीन भागांचं पाणी, ही वरची मर्यादा समजा. त्यापेक्षा जास्त पाणी आणलं तर त्याबरोबर येणाऱ्या गाळाने पट्टी लवकर बुजते. याच कारणासाठी छताचं पाणी इथे आणू नका आणि कुंड्यांची, वाफ्यांची माती या बाजूला वाहून येणार नाही असं बघा.

खोदाई ४८० मिलिमीटर. तळ सपाट हवा, उताराचा नको. उतार असेल तर सगळं पाणी एका टोकाला जमतं आणि दुसऱ्या टोकाची खडी कोरडीच राहते. तळावर रोलर फिरवू नका. ठेकेदार सवयीने फिरवतोच, त्यामुळे त्या दिवशी कुणीतरी उभं राहावं. मग खालून वर : ४० ते ६३ मिलिमीटरची मोठी खडी २५० मिलिमीटर, तिच्यावर २० मिलिमीटरची खडी १०० मिलिमीटर, तिच्यावर कच, म्हणजे बारीक खडी, ५० मिलिमीटर आणि वर ब्लॉक. खड्ड्याच्या बाजूंना न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) लावा, म्हणजे शेजारची माती खडीत घुसत नाही. फटींमध्येही कचच भरायची, वाळू नव्हे. चारही बाजूंना काँक्रीटचे कर्ब हवेत, नाहीतर गाड्यांच्या वजनाने ब्लॉक सरकतात.

१५० चौरस मीटरला मोठी खडी सव्वातेरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), २० मिलिमीटरची साडेपाच ब्रास आणि फटींसकट कच तीन ब्रास लागेल. बाहेर पडणारी माती मोकळी झाल्यावर तीस ब्रासच्या पुढे जाते. ती कुठे टाकणार हे आधीच लेखी ठरवून घ्या. आपल्या आवारातलं पाणी कमी करायला खोदलेली माती रात्रीतून ओढ्यात ओतली जाणं हा प्रकार आपल्या शहरांत नवा नाही.

खडीच्या दोन थरांमध्ये सुमारे ४० टक्के पोकळी असते. ३५० मिलिमीटर जाडीत १४० मिलिमीटर पाणी मावतं, म्हणजे १५० चौरस मीटरमध्ये २१ हजार लिटर. तासाला ५० मिलिमीटरच्या पावसात तुमच्या ६०० चौरस मीटरवरचा हिरवळीच्या तुलनेतला वाढीव बोजा तासाभरात साडेसोळा हजार लिटरचा आहे. तो यात सहज बसतो. खालची जमीन तासाला पाच मिलिमीटर पाणी पीत असेल तर भरलेली खडी २८ तासांत रिकामी होते, दोन मिलिमीटर पीत असेल तर ७० तासांत. त्याहून कमी असेल तर तळाशी ११० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पाइप टाकून तो बारीक तोंडाने पावसाळी लाईनला जोडा. आणि जमीन कशीही असो, वरच्या अंगाला ओव्हरफ्लो ठेवाच.

हे काम बहुतेक तीन ठिकाणी बिघडतं. एक, खडी डस्टसकट येते. खाणीवरून ‘वॉशिंग केलेली’ सांगून आलेली खडी बादलीत घालून ढवळा, पाणी गढूळ झालं तर गाडी परत पाठवा. दोन, ब्लॉक हलू नयेत म्हणून शेवटच्या दिवशी फटींत सिमेंटचं पाणी ओततात. झालं, पुन्हा कोबा. तीन, देखभाल नाही. वर्षातून दोनदा, एकदा मे अखेरीस आणि एकदा दिवाळीनंतर, कोरड्या झाडूने आणि मोठ्या व्हॅक्यूमने फटी साफ करायच्या. पाणी वर थांबायला लागलं तर फटींतली वरची दोन सेंटिमीटर कच काढून नवी भरायची. पाण्याच्या जेटने धुऊ नका, गाळ आणखी खोल जातो.

अग्निशमन गाडीच्या वाटेवर ही पट्टी घेऊ नका. तिथे जाडी स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायला हवी. तळघराच्या भिंतीपासूनही किमान तीन मीटर दूर राहा.

प्रश्न : आमच्याकडे एवढा खर्च करायला पैसे नाहीत. बंगल्यांची छोटी वसाहत आहे, जमीन काळी. काळ्या मातीत पाणी मुरतं तरी का? — वाचक, सोलापूर

उत्तर : हळू मुरतं, पण मुरतं. भारी चिकण मातीत तासाला एक ते पाच मिलिमीटर, पोयट्याच्या मातीत दहा-वीस, वाळूत तीसच्या वर. मात्र हा आकडा पुस्तकातून न घेता आपल्या आवारात मोजावा. तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. आदल्या संध्याकाळी तो पाण्याने भरून ठेवा. सकाळी तळापासून तीस सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, काठी रोवून खूण करा आणि दर तासाला पातळी किती उतरली ते मोजा. खड्ड्याच्या बाजूंनीही पाणी जातं म्हणून मिळालेला आकडा निम्मा धरा. ही चाचणी मे महिन्यात करू नका. उन्हाळ्यात काळी माती भेगाळलेली असते आणि वाटेल तेवढं पाणी गिळते. दोन-तीन पावसांनंतर भेगा मिटल्या की तिचा खरा स्वभाव कळतो. जुलैच्या शेवटी मोजा.

पैसे कमी असतील तर ब्लॉकच्या मागे न लागता बागेची पातळी बदला. आमच्या मते या सगळ्या विषयात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे. आपल्याकडे बाग नेहमी फरशीच्या वर असते. कर्ब लावायचा, आत माती चढवायची, वर गवत. मग बागेतलं पाणी मातीसकट फरशीवर येतं आणि फरशीवरचं पाणी बागेत जाऊच शकत नाही. हे उलटं करा. माती फरशीपेक्षा पंधरा सेंटिमीटर खाली न्या आणि दर दीड मीटरवर कर्बमध्ये वीतभर रुंद खाच ठेवा. खाचेसमोर हातभर जागेत गोटे टाका, नाहीतर पाण्याची धार माती उकरते.

शंभर चौरस मीटर छताला किंवा फरशीला दहा ते पंधरा चौरस मीटर खोलगट वाफा पुरतो. काळी माती असेल तर वरचा ४५ सेंटिमीटर थर काढून निम्म्याहून थोडी जास्त क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), पाव भाग माती आणि उरलेलं चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरा. क्रश सँड धुतलेली हवी, डस्ट असेल तर मिश्रण सिमेंटसारखं बसतं. वाळा आणि कर्दळ दोन दिवस पाण्यात उभी राहिली तरी तक्रार करत नाहीत. कडेला, थोडं उंचावर, काहीही लावा. हिरवळ लावायचीच असेल तर तिच्यावर गाड्या उभ्या करू नका. दबलेली हिरवळ हिरवी दिसते, पण पाणी जवळजवळ फरशीसारखंच सोडते.

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. म्हणून असा वाफा पायापासून तीन मीटरच्या आत नको. डासांची भीती असेल तर एवढंच लक्षात ठेवा : अंड्यातून डास बाहेर पडायला आठवडाभर लागतो. ४८ तासांत पाणी उतरत असेल तर त्याला तेवढी सवड मिळत नाही. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर ओव्हरफ्लोची पातळी खाली घ्या.

प्रश्न : पार्किंगचं साचलेलं पाणी सरळ बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं तर? एका दगडात दोन पक्षी. — वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. त्या पाण्यात तेल, टायरची भुकटी आणि कधी तुंबलेल्या ड्रेनेजचं पाणीही असतं. आपला बेसाल्ट खडक पाणी गाळत नाही. ते भेगांतून जसंच्या तसं वाहतं आणि शेजारच्या चालू बोअरला जाऊन मिळतं. बोअरमध्ये फक्त छताचं पाणी, तेही फिल्टरमधून, आणि मोसमाच्या पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून दिल्यावर. पुढेही मोठी उघडीप झाली की नंतरच्या पावसाचे सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर छतामागे शंभर ते दोनशे लिटर, वगळायचे. पार्किंगचं पाणी मातीतूनच मुरू द्या.

प्रश्न : घरासमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि आमच्या फाटकापेक्षा वीतभर उंच आला. आता रस्त्याचं पाणी घरात येतं. — उपनगरातील वाचक

उत्तर : जुना डांबरी थर खरवडून किंवा खोदून न काढता त्यावरच नवा थर चढवला की असं होतं. दोन्ही बाजूंच्या मातीच्या पट्ट्या त्याच वेळी बुजवतात, त्यामुळे पाण्याला थांबायला जागाही उरत नाही. काम सुरू व्हायच्या आधी संबंधित कार्यालयाकडे लेखी दोन आकडे मागा : पूर्ण झालेल्या रस्त्याची पातळी तुमच्या जोत्याच्या तुलनेत किती असेल आणि पावसाळी चेंबरचा तळ किती खोल असेल. काम झाल्यावर मागण्यात फारसा अर्थ नाही, काँक्रीट कुणी फोडत नाही.

आता करण्याजोगं एवढंच. फाटकात दहा ते पंधरा सेंटिमीटर उंचवटा करा आणि त्याच्या आतल्या अंगाला पूर्ण रुंदीची, वीतभर खोल, लोखंडी जाळीची आडवी चारी घ्या. रस्त्याच्या गटाराला जोडलेल्या तुमच्या पाइपावर नॉन-रिटर्न फ्लॅप, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवा. रस्त्याचं गटार भरलं की पाणी त्याच पाइपाने उलटं आत येतं आणि लोक मात्र फाटकात वाळूच्या गोणी रचत बसतात. फ्लॅपमध्ये एखादी प्लास्टिकची पिशवी अडकली तरी तो उघडा राहतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी बघा. फ्लॅप बंद असताना तुमच्या छताचं पाणीही आतच अडतं. त्याला खोलगट वाफ्यात जागा हवी, नाहीतर छोटा सम्प आणि पंप लागेल.

प्रश्न : २६ जुलै २००५ सारखा पाऊस आला तर या वाफ्यांचा आणि खडीचा काय उपयोग? — वाचक, कुर्ला, मुंबई

उत्तर : त्या दिवसापुरता जवळजवळ शून्य. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीची वेळ आणि मिठी नदीचं आक्रसलेलं पात्र. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा कात्रजपासून सहकारनगरापर्यंत घरांत शिरला, तोही प्रामुख्याने ओढ्याच्या रुंदीचा आणि अतिक्रमणाचा प्रश्न होता. टेकड्यांवरून तासाभरात उतरणारं पाणी सोसायटीच्या बागा अडवू शकत नाहीत.

पण तुमच्याकडे दरवर्षी चार-पाच वेळा गुडघाभर पाणी साचतं ते अशा पावसाने नव्हे. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधली होती आणि त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरलं होतं. म्हणजे गटारात प्रत्यक्ष येणार ते साडेबारा मिलिमीटर. मधली मोकळी जमीन गेली आणि ९० टक्के पाणी वाहू लागलं, तर तीच गटारं कागदावर तासाला १४ मिलिमीटर पावसातच भरतात. पाइप तोच, पाऊस जवळपास निम्म्यावर. मुंबईच्या पावसाळी गटारांबद्दलच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने म्हणूनच क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत न्यायला सांगितली आणि सगळं पाणी वाहूनच येणार असं धरलं. मुरण्याचा भरवसा त्यांनी हिशेबातून काढून टाकला! अभियंत्यांच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे, पण त्याचा खर्च आणि खोदाई किती झाली हे मुंबईकर पाहतातच. तासाला २०-३० मिलिमीटरच्या पावसात गल्लीतल्या प्रत्येक आवाराने पहिला अर्धा तास पाणी धरून ठेवलं तर फरक पडतो, कारण गटारं भरतात ती त्याच अर्ध्या तासात.

प्रश्न : पोडियमवरची (पार्किंगवरच्या स्लॅबवरची) बाग आणि खेळाच्या जागेतलं कृत्रिम गवत हिरव्या जागेत मोजावं का? — वाचक, ठाणे

उत्तर : पाण्याच्या हिशेबात कृत्रिम गवत मोजू नका. खाली काँक्रीट असतं, ते काँक्रीटच. पोडियमवर अर्धा मीटर माती असेल तर ती कोरडी असताना बरंच पाणी धरते. जुलैत एकदा भिजली की खाली स्लॅब असल्याने नवं पाणी सरळ आउटलेटला जातं. त्या आउटलेटच्या जाळ्या मात्र जूनच्या आधी उघडून बघा, मुळं तिथेच शिरतात.

प्रश्न : कोकणातल्या घरासमोरचं मातीचं खळं आता ब्लॉकचं करतोय. घर उतारावर आहे, खाली गडगा (दगडी बांधाची भिंत) आणि शेजाऱ्याची वाडी. शोषखड्डा कुठे घ्यावा? — वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : गडग्याच्या वरच्या अंगाला अजिबात नको. जांभ्यात आणि त्याखालच्या चिकट मातीच्या थरावर पाणी आडवं सरकतं. भिंतीमागे ते साठलं की तिला बाहेर ढकलतं. चिऱ्याची आणि गिलावा केलेली भिंत असेल तर दर दीड मीटरवर पाणी जायला भोकं ठेवा आणि मागे खडी भरा. खळ्याचा मधला भाग मातीचाच राहू द्या, चाकांपुरत्या दोन पट्ट्या ब्लॉकच्या करा. चारचाकीला प्रत्येकी ६० सेंटिमीटर पुरतात.

प्रश्न : आवारातल्या जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक आहेत. काढायचे कसे? — तीन पत्रं

उत्तर : बुंध्यापासून चारही बाजूंना किमान एक मीटर मोकळं करा. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये एवढंच अंतर मोकळं करायला सांगितलं होतं. पहारीने आणि हाताने काढा, जेसीबी नको. खाली पीसीसी असेल तर छोट्या ब्रेकरने बाहेरून आत तुकडे करत या, बुंध्याजवळचे शेवटचे तुकडे हाताने उचला. ब्लॉकला चिकटलेली बारीक मुळं करवतीने सरळ कापा, ओढून तोडू नका. मनगटाएवढं मूळ दिसलं तर ते कापायचं नाही, त्याला वळसा घालून ब्लॉकची रेघ बदलायची. माती हलक्या हाताने सैल करून पाच सेंटिमीटर पालापाचोळा पसरा आणि अंतिम पातळी ब्लॉकपेक्षा थोडी खालीच ठेवा, म्हणजे आजूबाजूचं पाणी तिथे येईल. बसायला कट्टा हवा असेल तर तो या मोकळ्या जागेच्या बाहेर, खांबांवर बांधा. बुंध्याला लागून कट्टा बांधून आत माती भरली तर साल कुजते आणि तीन-चार पावसाळ्यांनी झाड वादळात आडवं होतं.